दुसरा फेरा

प्रिय कारभारी,

पीरमहंमदचं पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार, असं समजून घाबरू नकोस. आपल्या दोघांत घाबरायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी अजून नीट करतो आहे. सगळं ठीक आहे. रोशनबी बरी आहे, शेळी व्याली, दोन करडं झाली. यात्रा पार पडली. मुखवटा पालखीत बसला, गावातून फिरला आणि परत पेटीत गेला. आणि किल्ली माझ्या घरात आहे, रोशनबीच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या जागी. एवढं वाचून झालं की घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी काय बोलतो ते तुला या पत्राच्या शेवटी कळेल. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतच शाळा झाली आहे, अक्षर समजून घे. तीन दिवस झाले, थोडं थोडं लिहितो आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचा जिल्हा काय लिहावा याचीही चिंता लागली होती, नगर की अहिल्यानगर. खर्ड्याच्या पोस्टात विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, चाचा, पत्र पुण्याला जायचंय, तुमचा पत्ता वाचणार कोण. तरी मी दोन्ही लिहिलंय. परत आलं तर घर सापडलं पाहिजे. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा सूनबाईला वाचून दाखवायला सांगशील. राजेश्वरी शहरातली, तिला किल्लीची गोष्ट माहीत नसणार, म्हणून तुला ठाऊक असलेलंही लिहितो. शेवटचा भाग मात्र तू स्वतः वाच, भिंग लावून का होईना.

तर सूनबाईसाठी सांगतो. आपल्या भैरवनाथाचा चांदीचा मुखवटा वर्षभर देवळातल्या सागवानी पेटीत असतो. चैत्रात यात्रेला बाहेर निघतो. गावात आळ्या दोन, वरची आणि खालची. मुखवटा आधी कोणाच्या दारात न्यायचा यावरून माझ्या पणजोबांच्या काळी डोकी फुटली होती. मुखवटा दोन वर्षं कचेरीत अडकून पडला. देवाला जामीन राहायला कोणी तयार नव्हतं, असं माझे वडील हसत सांगायचे. शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं, पेटी देवळात राहील आणि किल्ली पिंजाऱ्याच्या घरात. कारण पिंजारी ना वरचा ना खालचा. आमचं घर दोन्ही आळ्यांच्या मधल्या चौकात, आणि दोन्हीकडच्या गाद्या आम्हीच भरणार. कोण कशावर झोपतो हे आम्हाला माहीत असायचं आणि ते आम्ही कोणाला सांगत नव्हतो. तेव्हापासून रीत पडली. यात्रेच्या सकाळी पेटी उघडायची ती आमच्या घरातल्या कर्त्याने. यात्रा झाली की बंद करायची ती दोन्ही आळ्यांनी. कुलूप दोन फेऱ्यांचं आहे. पहिला फेरा वरच्या आळीचा, दुसरा खालच्या आळीचा, आणि मग किल्ली परत आमच्याकडे वर्षभर. खालच्या आळीचा दुसरा फेरा चाळीस वर्षं तुझ्या हातचा. यंदा तू आला नाहीस. जन्मल्यापासून तुझी ही पहिली यात्रा चुकली, आणि तीही रागावून. लोकांनी मला विचारलं, कारभारीदादा का नाही आले. मी काय सांगितलं तेही पुढे लिहितो.

आधी जुनं एक आठवतं ते लिहितो, कारण यंदाच्या हिवाळ्यात ते मला रोज आठवत होतं. बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं पाझर तलावाच्या कामावर होतो. तू चौदा वर्षांचा, मी तुझ्याहून दोन महिन्यांनी लहान. तिथे एकदा आमदार आला होता, आठवतं? जीपमधून उतरला, खडीच्या ढिगावर बसला आणि आपण खात होतो तीच सुकडी त्याने खाल्ली. माझ्या वडिलांचा गुडघा धरला होता, ते पाय पसरून खडी फोडत होते. त्याने विचारलं, यांना काय झालंय. मुकादम म्हणाला, साहेब, हा पिंजारी आहे, मुसलमान. तर तो म्हणाला, मी जात कुठं विचारली, गुडघ्याला काय झालं ते विचारलं. हे आपलेच आहेत, यांना पाणी वाटायचं काम द्या. एवढंच बोलून तो पुढे गेला. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी कामावर पाणी वाटलं आणि दोन्ही आळ्या ते पाणी प्यायल्या. त्याआधी काहीजण आमच्या घरचं पाणी घेत नव्हते हे तुलाही माहीत आहे. तो आमदार पुढच्या निवडणुकीत पडला. पण त्याचं ते एक वाक्य वडिलांनी मरेपर्यंत पुरवलं. चांगलं धोतर ट्रंकेत ठेवून सणाला काढावं तसं ते बाहेर काढायचे. कोणी काही टोचून बोललं की घरी येऊन म्हणायचे, आमदाराने सगळ्यांसमोर सांगितलंय, आपण आपलेच आहोत.

नंतरचेही पुढारी मी पाहिले. ईदला रुमाल बांधून शीरखुर्मा प्यायला येणारे पाहिले. ते गोड बोलायचे, पण वाटी खाली ठेवताना म्हणायचे, तुम्हा लोकांसाठी आम्ही आहोत. मला तेव्हाही ते खटकायचं. तुम्ही लोक म्हणजे कोण? माझ्या शेजारी ज्यांची घरं आहेत ते माझे लोक नाहीत का? पण गोड होतं, गिळलं.

आता यंदाचं. झेडपीच्या निवडणुकीआधी बाजारतळावर सभा झाली. लांबून कोणी मोठा पुढारी आला होता, त्याचं नाव लिहीत नाही, कागद कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, कारण तिथे मंडपाची सावली होती. तो आधी उसावर बोलला, मग पाण्यावर बोलला, तेव्हा मीही मान हलवत होतो. मग आवाज चढवून म्हणाला, आपल्या देवाधर्माच्या गोष्टी आपल्याच हातात असल्या पाहिजेत. ज्यांचं चित्त या मातीत नाही, या देशात नाही, त्यांच्या हातात आपलं काही ठेवू नका. नाव कोणाचं घेतलं नाही. त्याला आपल्या पेटीबद्दल काही ठाऊक असेल असंही नाही. पण माझा हात आपोआप खिशाकडे गेला, जणू किल्ली तिथेच होती आणि सगळ्यांना दिसत होती.

कारभारी, माझ्या चित्ताचा पत्ता त्याला कोणी दिला? माझं चित्त कुठे असतं ते मला विचारायचं. गुडघ्यावर असतं, शेळीवर असतं, गादीला टाका नीट पडला का यावर असतं, आणि चैत्र जवळ आला की कुलूप गंजलं तर नसेल ना यावर असतं. या गावाच्या हद्दीबाहेर माझं चित्त गेलं असेल तर ते एकदाच, तुझा डोळा कापला तेव्हा.

मग टाळ्या पडल्या. मी मागे वळून लोकांची तोंडं नाही पाहिली, हात पाहिले. कोणाचे हात वाजतात आणि कोणाचे मांडीवर आहेत ते मोजत होतो. कानिफनाथचे मांडीवर होते, वरच्या आळीचा तो कर्ता आहे, पण त्याला ऐकू कमी येतं. तुझा पुतण्या ज्ञानेश्वर टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या लग्नाची गादी भरली आहे. लहानपणी तो माझ्या कापसाच्या ढिगात उड्या मारायचा आणि रोशनबी त्याच्या नाकातून कापूस काढायची. आणि आता जे लिहितो ते मी रोशनबीलाही सांगितलेलं नाही. मीही टाळी वाजवली. माझ्या डावी-उजवीकडचे वाजवत होते, मी एकटाच हात बांधून बसलेला दिसलो असतो. म्हणून वाजवली, आणि जरा जोरात वाजवली.

दुसऱ्या दिवशी गाव होतं तसंच होतं. कोणी मला काही म्हणालं नाही. मीच बदललो. हॉटेलात बाकावर मधे बसायचो तो कडेला बसायला लागलो, आणि कडेला बसलो की लोकांनीच मला कडेला बसवलं असं वाटायचं. दोघं हसले की माझ्यावर हसले. दोघं गप्प झाले की माझ्यामुळे गप्प झाले. पिठाच्या गिरणीवर बनुबाईने विचारलं, पीरभाई, किल्ली अजून तुमच्याकडंच हाय न्हवं? मी हो म्हणालो आणि दळण अर्धवट टाकून घरी आलो. ती अजून असं का म्हणाली, हे दोन दिवस माझ्या डोक्यात दगडाच्या जात्यासारखं फिरत होतं. आता कळलं की तिच्या सुनेचा नवस होता, मुखवट्याला वाहायला चांदीचे डोळे करून आणले होते आणि ते बसतात का ते तिला यात्रेआधी बघायचं होतं. एवढंच. पण त्या वेळी मला डोळे दिसले नाहीत, टाळ्या ऐकू आल्या.

बनुबाईने विचारल्याच्या तिसऱ्या दिवशी किल्ली माझ्या घरातून गेली. ती ज्ञानेश्वरच्या घरात गेली हे तुला माहीत आहे. पुढे जे झालं तेही अर्धं तुझ्या कानावर आलं असेल. वरच्या आळीत बोभाटा झाला की खालच्यांनी किल्ली पळवली. ज्ञानेश्वर शपथा घेत फिरत होता, मी मागितली न्हाई, चाचा सोताहून देऊन गेले. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? सभेत टाळ्या वाजवताना सगळ्यांनी पाहिलेला माणूस. वरच्या आळीची चार माणसं माझ्याकडे आली आणि विचारलं, पीरभाई, खरं सांगा, दमदाटी झाली का? मी म्हणालो, जाऊ द्या, सगळं ठीक आहे. असं म्हणताना मी मान खाली घातली. मान खाली घालून ठीक आहे म्हटलं की लोक काय समजतात ते मला चांगलं माहीत होतं.

वरच्यांनी यात्रा दोन करायच्या ठरवल्या, मुखवटाही दुसरा घडवायचा. ज्ञानेश्वरच्या ट्रॅक्टरला वरच्या वाटेने जाऊ देईनात. त्याची बायको अश्विनी, बिचारी कोणाच्या अध्यात नाही, तिच्याशी विहिरीवर बायका बोलेनात. आणि या सगळ्यांत माझ्याशी मात्र दोन्हीकडचे गोड बोलत होते. वरचे माझी कणव करत होते आणि खालचे मला चहा पाजत होते. मी ताट अर्धं ठेवून उठायचो. रोशनबीला संशय आला होता. ती आपल्या बोलीत विचारायची, क्या जी, किल्ली मांगने आया कौन था? मैं तो घरमेंच थी. मी शेळीला चारा टाकायला उठून जायचो. त्या महिन्यात शेळीने पोट फुगेपर्यंत खाल्लं.

यात्रेला आठ दिवस राहिले तेव्हा सरपंच राहीबाईने देवळासमोर ग्रामसभा बोलावली. तू राहीबाईला ओळखतोस, अंगठ्याची बाई, पण बोलायला उभी राहिली की माईक लागत नाही. मला सगळ्यांत मागे बसायचं होतं, पण तिने पुढे बसवलं. भांडण असं लागलं की मला वाटलं पणजोबांचा काळ परत आला. कोणी म्हणे पेटीला दुसरं कुलूप बसवा. कोणी म्हणे किल्ली बँकेत ठेवा. त्यावर कानिफनाथ कानामागे हात धरून म्हणाला, बँकेचा सायेब कोणत्या आळीचा हाय ते आधी इचारा. एकाने सांगितलं पोलिसांकडे देऊ, तर झुंबरबाई म्हणाली, म्हंजी देव परत कोठडीत घालायचा व्हय रं? मग कोणीतरी तो सभेतला पुढारी काढला. साहेब सांगून गेलेत, आपल्या वस्तू आपल्या हातात. त्यावर राहीबाई म्हणाली, बरं, आपल्या म्हंजी कुणाच्या? वरच्यांच्या का खालच्यांच्या? सांगा की. तो सायेब बोलून गेला, त्येची गाडी फाट्यावर पोचायच्या आत इसरला आसंल. त्येला पेटी ठावं न्हाई, कुलूप ठावं न्हाई, पीरभाई ठावं न्हाई. त्येच्या बोलण्यावर तुमी आपली यात्रा मोडाया निघाला! आणि तेवढ्यात वरच्या आळीतून आवाज आला, सायेबाचं सोडा, ज्ञान्यानं म्हाताऱ्याला दम देऊन किल्ली घेतली त्येचं बोला.

ज्ञानेश्वर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. कापसाच्या ढिगातून बाहेर काढलेलं ते पोर जसं बघायचं, नाकातोंडात कापूस, श्वास अडकलेला, तसं. आणि कारभारी, मी उभा राहिलो. मी म्हणालो, त्याने मागितली नाही. कोणीच मागितली नाही. मी सकाळी उठून त्याच्या घरी गेलो. तो ऊस घेऊन कारखान्यावर गेला होता. अश्विनीला म्हणालो, ठेवून घे, आणि तिच्या हातावर किल्ली ठेवून पळून आलो. ती मागून चाचा चाचा करत होती. मी भ्यालो होतो. कोणी मागायच्या आत देऊन टाकली, म्हणजे मागितली असं तरी होणार नाही.

मला वाटलं आता लोक हळहळतील, नाहीतर चिडतील. झालं तिसरंच. राहीबाई माझ्यावर उसळली. आन तुमी हो! कुणाला इचारून दिली? ती किल्ली तुमची हाय का, द्यायला? गावाची हाय. गावानं तुमच्या घरात ठिवली. तुमच्या बापानं, आजानं सांभाळली, आन तुमी एका भाषणाला भिऊन दुसऱ्याच्या बायकूच्या हातावर टाकून आला? लाज वाटाया पायजे होती. पुन्यांदा आसं केलंत तर पंचायतीत उभं करीन. मग एकेकाने सुरुवात केली. कानिफनाथ म्हणाला, पीरभाई, म्हातारपणी अक्कल गेली का तुमची. झुंबरबाई म्हणाली, तरी मी म्हणते ह्यो माणूस महिनाभर तोंड चुकवून का फिरतोय. एकाने तर माझी मागच्या वर्षीची गादीसुद्धा काढली, टाके उसवले म्हणून. दोन्ही आळ्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एका बाजूला होत्या आणि ती बाजू माझ्यावर ओरडत होती.

तुला खोटं वाटेल, पण मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पाहुण्याला कोणी असं बोलत नाही रे. पाहुण्याची कणव करतात, त्याला चहा पाजतात. मी महिनाभर गावचा पाहुणा झालो होतो, आणि त्या दिवशी शिव्या खाऊन परत गावचा झालो. वडिलांना आमदाराने आपलं म्हटलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते मला कळलं. पण मला माझं जास्त पक्कं वाटतं. आमदाराने दिलेला शब्द दुसरा पुढारी येऊन काढून घेऊ शकतो, निदान मला तसं वाटलं तरी. राहीबाईने मला काही दिलं नाही. तिने विचारलं, द्यायला ती तुमची आहे का. तिथून मी निश्चिंत झालो, म्हणजे मला जमतं तेवढा.

संध्याकाळी अश्विनी किल्ली घेऊन आली. ही घ्या, म्हणाली, माझ्या घरात आल्यापासून कुणी धड जेवलं न्हाई. रोशनबीने तिला बसवून घेतलं, दोघी हसल्या आणि मग दोघी रडल्या. मला आत यायला बंदी होती. यात्रेच्या सकाळी मी अंघोळ करून देवळात गेलो, किल्ली घातली, आणि ती फिरेना. दोन्ही आळ्या दोन बाजूंना उभ्या. मनात आलं, झालं, आता म्हणतील याच्या हाताने देव उघडत नाही. तेवढ्यात कानिफनाथ वैतागून म्हणाला, अहो, दर साली खोबरेल सोडता, ते सोडा की! खरंच, इतकी वर्षं मी महिनाभर आधीपासून कुलपाला तेल देतो, यंदा किल्लीच घरात नव्हती तर सुचणार कुठून. बनुबाईने निरांजनातलं तेल दिलं. कुलूप उघडलं. चांदीचे डोळे बसले. छान दिसतात, थोडे मोठे झालेत.

हे झालं चांगलं. आता तू भिंग लाव.

यात्रा संपल्यावर पेटी बंद करायची वेळ आली. कानिफनाथने पहिला फेरा दिला. मग सगळ्यांनी ज्ञानेश्वरला सांगितलं, खालच्या आळीचा तू दे. तो मागे सरला. म्हणाला, तो काकांचा फेरा हाय. मी दिला तर काकांना वाटंल किल्लीसंगं फेराबी घेतला. आणि तो देवळाबाहेर निघून गेला. कारभारी, हे का झालं ते गावात फक्त मला माहीत आहे. किल्ली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, पीरू, किल्ली त्यांनी काढून घेतली का रे? मी म्हणालो, घेतली. हा एकच शब्द बोललो. तू पुढे विचारलंस, कोणी, आपल्या ज्ञान्याने? मी गप्प राहिलो, आणि रेंज जाते आहे म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. लहानपणापासून तू मला भित्रा म्हणतोस, आणि भिऊन दिली म्हणण्यापेक्षा काढून घेतली म्हणणं मला सोपं गेलं. सभेतल्या त्या पुढाऱ्याने माईकवरून माझ्या मनात गावाविषयी एक खोटं घातलं, आणि मी तेच फोनवरून तुझ्या कानात घातलं. तू त्याच दिवशी ज्ञानेश्वरला फोन करून म्हणालास, तू माझ्या भावाचा मुलगा नाहीस, मी मेलो तरी येऊ नकोस. हे मला अश्विनीने सांगितलं. तो तुला म्हणाला होता की मी मागितली नाही, आणि तू त्याचं न ऐकता माझं ऐकलंस. यात्रेत लोकांनी विचारलं कारभारीदादा का आले नाहीत, तेव्हा मी सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तेही अर्धंच खरं. तेव्हा हे पत्र मी यात्रेची बातमी द्यायला लिहिलेलं नाही. आधी ज्ञानेश्वरला फोन कर, मग माझ्यावर काय रागवायचं ते इथे येऊन समोरासमोर रागव, मी पळणार नाही. पेटी एकाच फेऱ्यावर आहे. मी रोज सकाळ-संध्याकाळ देवळात जाऊन कुलूप ओढून बघतो, आणि पुजारी मला हसतो. डॉक्टरने प्रवासाची परवानगी दिली की ये आणि दुसरा फेरा दे. किल्लीला खोबरेल लावून ठेवलंय.

तुझाच, अजून भित्रा पण आता खरं बोलणारा,
पीरू